आवाज तीसवर

किसननं चहाचा कप बशीत ठेवला आणि विचारलं, "काय रे भो, टीव्हीना आवाज बंद कसाले ठेयेल शे?" मला हसूच आलं. रविवारचे सकाळचे अकरा, समोर बातम्या चालू, बातम्या देणारी बाई मानेच्या शिरा ताणून ओरडतेय, आणि हा माझा जुना दोस्त विचारतो आवाज बंद का. म्हटलं घ्या, सुरतेतल्या लिंबायतहून इकडे पर्वत पाटियापर्यंत रिक्षात बसून आला, अर्धे कान रस्त्यातच सांडले याचे. मी ऐटीत रिमोट उचलला, आवाजाचं बटण दाबलं. पडद्याखाली पांढरी पट्टी उमटली, शेजारी आकडा. तीस. एकतीस. बत्तीस. "हाई देख," मी म्हणालो, "तीसना वर शे. अजून कितला जोयजे तुले?" किसन हसला नाही. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात माझी सून धनश्री उभी होती, हाताला पीठ, आणि ती नेहाकडे पाहत होती. नेहा माझी नात, यंदा बारावीला, कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. तिनं मान खाली घातली. तिघांच्या तीन नजरा, आणि मी मध्ये रिमोट धरून बसलेला. काय झालं ते कळलं नव्हतं, पण आपल्याबद्दलचं काहीतरी या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, एवढं कळायला अक्कल लागत नाही.

त्या रिमोटचं मला फार कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या मुलानं, ललितनं, दिवाळीत हा मोठा टीव्ही आणला, त्याच्याखाली हातभर लांबीचा आवाजाचा डबा. साउंडबार म्हणतात. त्याआधी माझ्या मांडीवर तीन रिमोट असायचे, एक टीव्हीचा, एक सेटटॉप बॉक्सचा, एक जुन्या स्पीकरचा, आणि हवा तो कधी हाताला लागायचा नाही. कंपनीचा माणूस आला, मागं वायरी खुपसल्या, आणि मला म्हणाला, "अंकल, अब एक ही रिमोट. टीवी बंद तो सब बंद, टीवी चालू तो सब चालू." मी त्याच्यासमोर दहा वेळा चालू-बंद करून पाहिलं. टीव्ही पेटला की डब्याचा लहानसा दिवा पेटायचा, बॉक्सचा हिरवा पेटायचा, सगळे एका दमात जागे. मी आयुष्यभर आठ साचे सांभाळले. साचा म्हणजे यंत्रमाग. आठ साच्यांना आठ ठिकाणी धावावं लागायचं, इकडे धागा तुटला, तिकडे धोटा अडकला, बारा तास नुसतं पळणं. आणि आता सोफ्यावर बसून अंगठ्यानं सगळं घर चालतंय. मनात आलं, भागीरथी असती तर म्हणाली असती, भलते लाड झालेत तुमचे. भागीरथी माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

नेहानंच मग सांगितलं. ही पोरगी घरात अहिराणी ऐकत वाढली, बोलते मात्र गुजराती, घाबरली तर जास्तच. "दादा, मने एम के तमे बोलशो. तमे कंई बोल्याज नहीं." दादा म्हणजे आजोबा. तिला वाटलं होतं मी बोलेन. तिची परीक्षा चालू, माझा टीव्ही दिवसभर ठणाणा करणार, म्हणून तिनं एका संध्याकाळी मागून आवाजाची वायर काढली. मागं दोन वायरी आहेत म्हणे. एकीतून आवाज जातो, दुसरीतून हुकूम. हुकमाची वायर जागेवर होती, म्हणून मी बटण दाबलं की डबा मुकाट्यानं ऐकत होता आणि आकडा वर जात होता. आवाजाची वायर तिच्या दप्तरात. तिला वाटलं म्हातारा बोंब मारेल, आपण सॉरी म्हणू, परत लावू. म्हाताऱ्यानं बोंब मारलीच नाही. "कितला दिन व्हयनात?" मी विचारलं. नेहानं पुस्तकाचं पान उलटलं. शेवटी धनश्री म्हणाली, "नऊ दिवस झाले, अण्णा." नऊ दिवस. नऊ दिवस मी मुक्या टीव्हीसमोर बसून हसत होतो, मान डोलवत होतो, जेवताना त्यांना बातम्या समजावून सांगत होतो, आणि तेही ऐकून घेत होते, हो अण्णा, बरोबर अण्णा. एकदा तर मीच म्हणालो होतो की डब्याचा आवाज काय गोड आहे. कुणी हसलंही नाही. हसले असते तर परवडलं असतं.

किसन लगेच उठला नाही, तेवढी माया आहे त्याला. तो आमच्याच कारखान्यात घडीखात्यात होता, कापडाच्या घड्या घालायचा, साच्यांवर उभा राहिला नाही, म्हणून त्याचे कान शाबूत. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "साचासनी खादा तुना कान. सगळासना खादा. मन मा नको लेऊ." मी त्याचं वाक्य ऐकलं. ऐकलं असं मला वाटलं. मग मी पाहिलं की मी त्याच्या तोंडाकडे पाहतोय. मी मान फिरवली, खिडकीकडे. त्याचा हात गुडघ्यावर हलला, म्हणजे तो बोलत होता. गुडघ्याला कळत होतं की तो बोलतोय. कानाला नाही.

साच्यावरच्या माणसाला हे नवीन नाही, हीच तर गोची आहे. साच्यांच्या खात्यात साठ साचे एकदम चालतात तेव्हा देव जरी खाली उतरून बोलला तरी ऐकू जाणार नाही. एकोणिसाव्या वर्षी शिंदखेड्याकडून आलो, पहिल्या दिवशी मुकादम माझ्या तोंडासमोर ओरडत होता आणि मी आ वासून उभा. आठवडाभरात शिकलो. ओठ बघायचे. ओठ, गाल, भुवया, बोटं. पलीकडच्या रांगेतला गडी चाळीस फुटांवरून सांगायचा की आज जेवणात काय आहे, आणि मला कळायचं. आम्ही चिडवाचिडवी करायचो, शिव्या द्यायचो, घरची दुखणी सांगायचो, सगळं ओठांवर. बाहेर आलं की आवाज परत यायचा. सुरुवातीला यायचा. सुट्टी झाल्यावर कानात तासभर पाखरं ओरडायची, मग रस्ता ऐकू यायचा, रिक्षा, भाजीवाले, पोरं. मग तो तास दोन तासांचा झाला, मग जेवणापर्यंतचा, आणि कधीतरी, कोणत्या वर्षी ते देवाला माहीत, आवाज परत आलाच नसणार. आणि मला पत्ता लागला नाही, कारण डोळ्यांनी कानाचं काम बिनबोभाट उचललं होतं. डोळ्यांनी पाहायचं आणि डोक्यानं त्यात आवाज भरायचा. धनश्रीचा बारीक, ललितचा भारदस्त, नेहाचा फाटका. मी ते आवाज ऐकत होतो की जुने आठवत होतो? नेहाचा तर जुना आवाज मला माहीतही नाही. मग तिचा म्हणून मी जो ऐकतो तो कुणाचा आहे?

मी नेहाला सांगितलं, लाव ती वायर. किसन गेला होता तोवर. तिनं लावली. मी डोळे मिटले आणि आवाजाचं बटण दाबून धरलं. आकडा दिसत नव्हता, पण अंगठ्याला वेळ कळतो, साच्यावरच्या माणसाच्या हाताला वेळ चांगला कळतो. आधी काही नाही. मग सोफ्याच्या लाकडातून काहीतरी वर यायला लागलं, माकडहाडातून, मग छातीत. खिडकीची काच थरथरली असावी, मी हात लावून पाहिलं, थरथरत होती. डोक्यात एक लांबची घूंघूं. शब्द एकही नाही. आता काहीतरी बोलतील, आता कळेल, असं म्हणत मी बसून राहिलो आणि कुणीतरी माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला. डोळे उघडले तर धनश्री समोर, दोन्ही कानांवर हात, चेहरा पांढरा. "अण्णा, शंभर केलंय तुम्ही! बिल्डिंग गोळा होईल!" बघा, हे मला स्वच्छ ऐकू आलं. अगदी तिच्या आवाजात.

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली. भाषांतर केलेले दाक्षिणात्य सिनेमे मला आवडायचे नाहीत, मी म्हणायचो त्यांचा आवाज नीट भरलेला नसतो, बोलणं कळत नाही. आवाज कसला कळतोय, ओठ वेगळे आणि शब्द वेगळे. फोनवर मी बोलायचो नाही, म्हणायचो रेंज नाही. ललित म्हणायचा, अण्णांना फोनची ॲलर्जी आहे. लग्नात पंगतीत लोक माझ्याशी बोलताना जोरात बोलायचे, मला वाटायचं अडाणी आहेत. अंधारात कुणी काही सांगितलं की मी चिडायचो, आधी दिवा लावा म्हणायचो. अरे गाढवा, चौसष्ट वर्षांचा घोडा झालास, आणि स्वतःच्या दोन कानांची खबर तुला नातीच्या खोडीतून कळली. इथपर्यंतही चाललं असतं. बहिरेपणाचं काय एवढं, सुरतेत साच्यावरचा म्हातारा बहिराच असतो, ललितला सांगून कानाला मशीन लावू, सरकारी दाखला काढू, बसच्या तिकिटात सूट घेऊ. पण माणसाचं मन एकदा उतारावर लागलं की मधे थांबत नाही. माझं मन थेट गॅलरीत जाऊन उभं राहिलं.

मार्चमधली दुपार होती ती. वर्षाचे गहू आले होते आणि भागीरथी मागच्या गॅलरीत निवडत बसली होती. ललित मार्केटमध्ये दुकानात, धनश्री शाळेत, ती पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, नेहा क्लासला. मी हॉलमध्ये टीव्ही बघत होतो, जुना टीव्ही, तीन रिमोटवाला. ऊन नको म्हणून तिनं गॅलरीचं दार अर्धं लोटून घेतलं होतं. सोफ्यापासून ते दार दहा पावलं. चार वाजता मला चहा लागतो. चार वाजले, सव्वाचार झाले, चहा नाही. मी बसल्या जागेवरून हाक मारली. मग परत मारली. मग चिडून म्हणालो, बहिरी झालीस का गं? हे मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. मग उठून गेलो तर ती सुपाशेजारी आडवी, गाल गव्हावर, हात दाराकडे. डॉक्टर आले, म्हणाले, झटका मोठा होता, फार त्रास झाला नसेल. ते वाक्य मी उचललं आणि छातीशी धरलं. जो भेटायला आला त्याला सांगितलं. हूं की चूं केलं नाही. मी घरातच होतो, दहा पावलांवर, तिनं हाकसुद्धा मारली नाही, झोपल्यासारखी गेली, पुण्यवान बाई. गावी गेलो तिथं सांगितलं, तिच्या भावाला सांगितलं, तो रडला आणि म्हणाला, बरं झालं दाजी, तुम्ही जवळ होता. दोन वर्षं मी या एका वाक्यावर जेवलो आणि झोपलो. हाक मारली नाही.

मी जवळ होतो आणि हाक ऐकली नाही, एवढंच मला माहीत होतं. हाक मारली नाही हे मला कुणी सांगितलं?

दुपारभर मी स्वतःशी वकिली केली. म्हटलं दोन वर्षांपूर्वी ऐकू येत असेल, कान नंतर गेले असतील. म्हातारपण काय, सहा महिन्यांत होत्याचं नव्हतं होतं. तेव्हा नक्की ऐकू येत होतं, भागीरथीशी मी रोज बोलायचो, तिचं एक वाक्य चुकत नव्हतं माझं. आणि मग ती आठवली, बोलताना आठवली. सोफ्याच्या मागून कधी बोलायची नाही. फिरून पुढं यायची, टीव्हीच्या आड उभी राहायची, आणि मग बोलायची. मी करवादायचो, सरक ना बाजूला, दिसत नाही. ती सरकायची नाही, बोलणं पुरं करायची आणि मगच जायची. भाजी विचारायला स्वयंपाकघरातून हात पुसत पुढं यायची. रात्री बोलायचं असेल तर उठून दिवा लावायची. मला वाटायचं वय झालं की बायका चिकट होतात. तिला माहीत होतं. किती वर्षांपासून माहीत होतं कुणास ठाऊक, आणि तिनं मला कधी म्हटलं नाही की तुम्हाला ऐकू येत नाही, कारण मला ते लागलं असतं. तिनं काय केलं, तर चार पावलं जास्त चालली. रोज, वर्षानुवर्षं, गुडघे दुखत असताना. त्या एका दुपारी तिला उठून समोर येता आलं नाही.

मी चप्पल घातली. धनश्रीनं कुठं म्हणून विचारलं असेल, मी तिच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे मला ऐकू आलं नाही, आता हे एक बरं झालंय. शेजारच्या प्रमिलाबाईंची बेल दाबली. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या गॅलरीला लागून आहे. सांगलीकडच्या, यजमान बँकेतून रिटायर झालेले, भागीरथी गेली त्याच्या दोनच महिने आधी हे लोक इथं राहायला आले होते. जाणंयेणं बेताचं. बाईंनी दार उघडलं, या अण्णा, बसा, धनश्री बरी आहे ना. मी बसलो नाही. इतका घाबरलो होतो की सरळ तोंडातून निघून गेलं, "प्रमिलाबाई, आमची भागीरथी गेली त्या दुपारी तुम्ही घरात होता का?" त्या जरा चमकल्या. म्हणाल्या, होते की. मी विचारलं, "तिनं हाक मारली होती का?" आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी डोळे फिरवावेत असं फार वाटलं. डोळे फिरवले असते तर काही ऐकू आलं नसतं, आणि माझं वाक्य माझ्यापाशी राहिलं असतं. पण तिनं इतकी वर्षं समोर येऊन उभं राहायचं आणि मी आता तोंड फिरवायचं, हे मला जमलं नाही.

"मारली होती की," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं, हे मला दिसलं. "आधी अहो, अहो म्हणत होत्या. मग त्या पाहुण्यांना हाका मारत होत्या. मी कणीक मळत होते, खिडकी उघडीच होती. म्हटलं जावं का बघायला. पण तुम्ही घरात, वर पाहुणेही आलेले, दोन-दोन पुरुषमाणसं असताना मी मेली कशाला मध्ये जाऊ? म्हटलं गव्हाचं पोतं-बितं उचलून हवं असेल."

"कोण पाहुणे?"

"ते सुकदेव म्हणून कोणी होते ना? सारखं सुकदेव, सुकदेव करत होत्या. चांगलं मोठ्यानं. मी नंतर तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा विचारलं पण होतं तुम्हाला, ते सुकदेव आहेत का गेले गावी. तुम्ही मान हलवलीत."

इथं मला सगळे अण्णा म्हणतात. दारावरच्या पाटीवर ललितचं नाव आहे. अडतीस वर्षांच्या संसारात भागीरथीनं माझं नाव एकदा घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दंड धरून वदवलं तेव्हा, आणि पुटपुटत. आमच्यात नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. रेशनच्या रांगेत कारकुनानं विचारलं तरी ती शेजारणीला पुढं करायची, तू सांग म्हणायची. अहो म्हणून झालं, तरी मी उठलो नाही, तेव्हा तिच्यापाशी दुसरं काय उरलं होतं? तिनं ते नाव मोठ्यानं घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं, आणि भिंतीपलीकडच्या बाईला वाटलं, ज्या अर्थी नावानं हाक मारतेय त्या अर्थी नवरा नव्हे, दुसरं कुणीतरी आहे. त्यात त्या बाईची चूक नाही. कुणालाही तेच वाटलं असतं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"अं?"

"किती वेळ हाका मारत होती?"

प्रमिलाबाई आठवू लागल्या. त्या खरंच आठवून सांगत होत्या, भली बाई आहे. "कणीक मळून झाली, झाकून ठेवली, मग मी ताक घुसळायला घेतलं. तोवर येत होता आवाज. मग थांबला. मला वाटलं आले वाटतं ते." एवढं बोलून त्या थांबल्या. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. "का हो अण्णा? गेले नव्हते का ते? कोण होते ते सुकदेव तुमचे?"

"मीच," मी म्हणालो. आवाज केवढा लागला मला कळलं नाही, ओरडलो असेन किंवा नुसते ओठ हलले असतील. पण त्यांना कळलं, कारण त्या दाराला टेकल्या. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला, आणि त्यापुढं त्या बराच वेळ काय बोलत होत्या ते मला समजलं नाही.